मान्सूनचा दीर्घ पल्ल्याचा अंदाज: समुद्रापासून पेरणीपर्यंत कसा वाचायचा, कसा वापरायचा

2023 च्या एप्रिलमध्ये हवामान विभागाने सांगितलं, देशात सरासरीच्या 96 टक्के पाऊस होईल. सप्टेंबर संपला तेव्हा आकडा आला 94. अंदाजासोबत अधिक-उणे 5 टक्के चूक धरलेली असते, त्या हिशोबाने अंदाज बरोबर ठरला. त्याच वर्षीचा ऑगस्ट मात्र 1901 पासूनच्या नोंदींतला सर्वांत कोरडा ऑगस्ट होता. देशभरात 36 टक्के तूट. आमच्याकडे मराठवाड्यात सोयाबीन फुलोऱ्यात असताना पावसाने ओढ दिली, जमिनीला भेगा पडल्या, आणि पारावर जो तो म्हणू लागला, "अंदाज खोटा निघाला."

मी गावच्या शेतकरी गटासाठी दर वर्षी हे अंदाज वहीत मांडतो. त्या ऑगस्टमध्ये मला उत्तर देता आलं नाही, कारण एप्रिलमध्ये मीसुद्धा फळ्यावर "96 टक्के, सामान्य" एवढंच लिहून मोकळा झालो होतो. चार महिन्यांची देशभराची बेरीज सांगणाऱ्या अंदाजाकडून आम्ही आमच्या शिवारातल्या तीन आठवड्यांचं उत्तर मागत होतो. त्यानंतर वाचण्याची पद्धत बदलली. ती पद्धत इथे सविस्तर देतो. शेतकरी गट, पाणी समिती, चारा छावणीची तयारी करणारे, गावची टाकी सांभाळणारे, कुणालाही ती वापरता येईल.

दोन आठवड्यांपुढचं कळत नाही, मग चार महिन्यांचं कसं कळतं?

हा प्रश्न सुटल्याशिवाय पुढचं काही नीट लागत नाही. एडवर्ड लोरेन्झ यांनी 1963 मध्ये दाखवून दिलं की वातावरणाच्या आजच्या स्थितीत केसाइतका फरक असला तरी काही दिवसांत तो वाढत जाऊन चित्र पार बदलतं. त्यामुळे 14 जुलैला लातुरात पाऊस पडेल की नाही, हे एप्रिलमध्ये कुणीही सांगू शकत नाही. सांगणारा भेटला तर त्याच्यापासून लांब राहा.

समुद्राचं तसं नाही. समुद्राच्या वरच्या जेमतेम तीन मीटर थरात अख्ख्या वातावरणाइतकी उष्णता मावते. तो हळू तापतो, हळू निवतो, आणि तापलेला असेपर्यंत वरच्या हवेला एकाच दिशेने ढकलत राहतो. जूल चार्नी आणि जगदीश शुक्ला यांनी 1981 मध्ये नेमकं हेच मांडलं: उष्ण कटिबंधातला हंगामी पाऊस बऱ्याच अंशी खालच्या संथ गोष्टींवर, म्हणजे समुद्राचं तापमान, जमिनीतली ओल, बर्फ यांवर चालतो, म्हणून त्याचा कल आधी कळू शकतो. मी "कल" म्हणतोय. दिवस कळत नाही, फासा कोणत्या बाजूला जड झालाय ते कळतं. पुढच्या सगळ्या पायऱ्या त्या जडपणाचं माप काढण्याच्या आहेत.

पायरी 1: प्रशांत महासागर बघा, पण एप्रिलमध्ये त्याच्यावर पैज लावू नका

विषुववृत्तावर 5 अंश उत्तर ते 5 अंश दक्षिण आणि 170 ते 120 अंश पश्चिम रेखांश हा पट्टा निनो 3.4 या नावाने ओळखला जातो. तिथलं पाणी सरासरीपेक्षा 0.5 अंशाने किंवा जास्त तापलं आणि तसंच टिकून राहिलं की एल निनो. तेवढंच थंड झालं की ला निना. अमेरिकेची हवामान संस्था या पट्ट्याचा साप्ताहिक आकडा प्रसिद्ध करते, तो कुणालाही बघता येतो. वहीत पहिला रकाना याच आकड्याचा ठेवा, जानेवारीपासून.

नुसतं पृष्ठभागाचं तापमान बघून भागत नाही. खाली 100 ते 200 मीटरवर काय चाललंय तेही बघा. पश्चिमेकडून वारे जोरात वाहिले की कोमट पाण्याचा लोंढा पृष्ठभागाखालून पूर्वेकडे निघतो आणि दोन-तीन महिन्यांनी दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्याकडे वर येतो. मार्चमध्ये खाली दिसणारी उष्णता जूनमध्ये वर दिसते, ती अशी. हे खालचं चित्र मिळतं प्रशांत महासागरात नांगरून ठेवलेल्या बोयांमुळे आणि आर्गो नावाच्या तरंगत्या यंत्रांमुळे. जगभर अशी सुमारे 4000 यंत्रं आहेत. एकेक यंत्र 1000 मीटरवर वाहत राहतं, दर दहा दिवसांनी 2000 मीटरपर्यंत बुडी मारतं, वर येताना तापमान आणि क्षारता मोजतं आणि उपग्रहाला कळवतं. भारतातर्फे हे काम हैदराबादची इंकॉइस संस्था बघते.

आता इशारा. मार्च ते मे या काळात एल निनोचा अंदाज सर्वांत कच्चा असतो. वसंतातला हा अडथळा सगळ्याच मॉडेलना, म्हणजे अंदाज काढणाऱ्या गणितांना, आडवा येतो. 2014 च्या सुरुवातीला खालून मोठा लोंढा निघाला, जगभर मोठ्या एल निनोची चर्चा झाली, आणि तो त्या वर्षी विरून गेला. खरा मोठा एल निनो 2015 मध्ये आला. 2017 च्या वसंतात अनेक मॉडेल एल निनोकडे झुकली होती, त्या वर्षाच्या शेवटी ला निना होती. म्हणून एप्रिलचा आकडा पेन्सिलीने लिहावा आणि जूनचा पेनाने.

दुसरा इशारा: एल निनो असला की आपल्याकडे पाऊस बहुधा कमी होतो, पण एल निनो म्हणजे दुष्काळ असं समीकरण मांडू नका. 1997 चा एल निनो विसाव्या शतकातल्या सर्वांत जोरदार एल निनोंपैकी होता आणि देशात पाऊस पडला सरासरीच्या 102 टक्के. 2002 चा एल निनो त्याच्या मानाने मध्यम होता आणि पाऊस 81 टक्क्यांवर थांबला. के. कृष्ण कुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2006 मध्ये याचं एक कारण दाखवलं: पाणी प्रशांत महासागराच्या पूर्व टोकाला तापण्याऐवजी मध्यभागी तापलं, तर भारतावर खाली बसणारी हवा जास्त जोरात बसते आणि पाऊस दबतो. तेव्हा आकड्याबरोबर नकाशाही बघा, कुठे तापलंय ते.

पायरी 2: आपल्या दारातला समुद्र

हिंद महासागराचा पश्चिम भाग, आफ्रिकेच्या बाजूचा, आणि पूर्वेकडचा सुमात्राजवळचा भाग यांच्या तापमानातला फरक म्हणजे इंडियन ओशन डायपोल. 1999 मध्ये साजी, गोस्वामी, विनयचंद्रन आणि यामागाता यांनी तो जगासमोर मांडला. यांतले भूपेंद्रनाथ गोस्वामी पुढे पुण्याच्या पाषाण रस्त्यावरच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे संचालक झाले. पश्चिम बाजू तापली की डायपोल धन, आणि धन डायपोल बहुधा आपल्या पावसाला हात देतो. 1994, 1997, 2019 ही त्याची ठळक उदाहरणं. ऑस्ट्रेलियाचा हवामान विभाग अधिक-उणे 0.4 अंश ही सीमा धरतो. तोच आकडा वहीत घ्या.

डायपोलची अडचण अशी की तो मे-जूनमध्ये अंकुरतो आणि सप्टेंबर ते नोव्हेंबरमध्ये भरात येतो. एप्रिलमध्ये त्याचा भरवसा एल निनोपेक्षाही कमी. 2019 मध्ये जून कोरडा गेला, लोकांनी आशा सोडली होती, आणि सप्टेंबरमध्ये देशात सरासरीच्या दीडपट पाऊस पडला. एप्रिलचा अंदाज 96 होता, हंगाम संपला 110 वर.

पायरी 3: मॉडेलच्या आत काय चालतं, ते एकदा समजून घ्या

पूर्वी हे काम आकडेशास्त्राने होत असे. हेन्री ब्लॅनफर्ड यांनी हिमालयातल्या बर्फावरून 1886 मध्ये पहिला नियमित अंदाज दिला. गिल्बर्ट वॉकर 1904 ते 1924 या काळात भारतीय हवामान विभागाचे प्रमुख होते. मान्सूनचं गणित सोडवताना त्यांना प्रशांत महासागराच्या दोन टोकांमधला हवेच्या दाबाचा झोका सापडला. एल निनोचं अर्धं कोडं भारताच्या पावसाच्या चिंतेतून सुटलं, हे मला फार मोलाचं वाटतं. पुढे 1988 पासून वसंत गोवारीकर यांच्या नावाने ओळखलं जाणारं 16 घटकांचं मॉडेल आलं. चौदा वर्षं ते चाललं आणि 2002 मध्ये, जुलैचा पाऊस निम्म्यावर आला तेव्हा, त्याला दुष्काळाची चाहूल लागली नाही. जुने संबंध कायम राहतील असं धरून चालणाऱ्या प्रत्येक पद्धतीची ही मर्यादा आहे.

संयुक्त मॉडेलची वाट वेगळी. स्युकुरो मनाबे आणि कर्क ब्रायन यांनी 1969 मध्ये समुद्र आणि वातावरण यांची गणितं पहिल्यांदा एकत्र जोडली. पृथ्वीवर चौकटींची जाळी टाकायची, हवेचे आणि पाण्याचे थर करायचे, आणि प्रत्येक चौकटीत गती, उष्णता, बाष्प यांची समीकरणं काही मिनिटांच्या टप्प्याने पुढे न्यायची. वातावरण समुद्राला वारा, ऊन, पावसाचं गोडं पाणी देतं. समुद्र वातावरणाला परत आपलं तापमान देतो. ही देवघेव मान्सूनसाठी अपरिहार्य आहे. समुद्राचं तापमान बाहेरून ठरवून देऊन नुसतं वातावरण चालवलं, तर मॉडेल म्हणतं, जिथे समुद्र गरम तिथे पाऊस जास्त. प्रत्यक्षात पावसाळ्यात ढग ऊन अडवतात, वारा पाणी ढवळतो आणि समुद्र निवतो. कार्यकारणाची दिशा उलटी असते. जोडलेल्या मॉडेललाच ती पकडता येते.

भारताने 2012 मध्ये मान्सून मिशन सुरू केलं आणि अमेरिकेचं सीएफएस हे संयुक्त मॉडेल घेऊन पुण्यात त्याच्यावर काम केलं. त्याच्या वातावरणाची चौकट सुमारे 38 किलोमीटरची आहे. 38 किलोमीटर म्हणजे काय? महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि पसरणीचा घाट उतरून वाईत आलं की त्याच्या पाचव्या हिश्शाहूनही कमी. मॉडेलला ही दोन्ही गावं एकाच चौकटीत दिसू शकतात. चौकटीपेक्षा लहान असलेले ढग समीकरणांत मावत नाहीत, ते अंदाजे नियमांनी भरावे लागतात, आणि चुका मुख्यतः तिथून येतात. हे मॉडेल भारताच्या जमिनीवर मुळात कमी पाऊस दाखवतं, ही त्याची जुनी सवय आहे.

अशा सवयीवर उपाय असतो, आणि संपूर्ण लेखातली सर्वांत कामाची गोष्ट हीच: मॉडेलला मागच्या वीस-तीस वर्षांचे अंदाज परत करायला लावतात. प्रत्येक वर्षी त्याच महिन्यापासून सुरुवात, निकाल माहीत नसल्यासारखं. यातून मॉडेलचं स्वतःचं "सरासरी वर्ष" तयार होतं, आणि यंदाचा अंदाज त्याच सरासरीशी ताडून बघायचा. मॉडेलचे मिलिमीटर तहसील कचेरीतल्या पर्जन्यमापकाशी थेट कधीही ताडू नयेत.

दुसरा उपाय, एक अंदाज न काढता अनेक काढणं. सुरुवातीच्या स्थितीत बारीक फरक करून तेच मॉडेल परत परत चालवतात. युरोपच्या केंद्राचं सीस5 मॉडेल दर महिन्याला 51 वेळा चालतं, पुढच्या सात महिन्यांपर्यंत. 51 वाटा एकत्र राहिल्या तर भरवसा जास्त, पांगल्या तर कमी. ज्या बातमीत एकच आकडा दिसतो तिथे ही पांगापांग झाकलेली असते.

पायरी 4: हवामान विभागाचं निवेदन उघडा आणि आकडा सोडून खालचा तक्ता वाचा

पहिला अंदाज एप्रिलच्या मध्यात, सुधारित अंदाज मेअखेर. नंतर जूनअखेर जुलैचा, आणि जुलैअखेर ऑगस्ट-सप्टेंबरचा. 2021 पासून या अंदाजांत पुण्याच्या संयुक्त मॉडेलसोबत जगातली इतर मॉडेलंही धरली जातात. सरासरी म्हणजे 1971 ते 2020 या पन्नास वर्षांची, 87 सेंटिमीटर. 96 ते 104 टक्के म्हणजे सामान्य, 90 च्या खाली तुटीचा, 110 च्या वर अतिरिक्त.

या निवेदनात पाच गटांच्या शक्यता दिलेल्या असतात. 2025 च्या एप्रिलमध्ये त्या अशा होत्या: तुटीचा 2, सामान्यपेक्षा कमी 9, सामान्य 30, सामान्यपेक्षा जास्त 33, अतिरिक्त 26. आता असं वाचा. कसलीच माहिती नसती तर "कमी" बाजूच्या दोन गटांना मिळून सुमारे 33 मिळाले असते. इथे 11 आहेत. "जास्त" बाजूलाही सुमारे 33 मिळाले असते. इथे 59 आहेत. फासा जास्तीकडे बराच जड होता, तरी दर नऊ वर्षांत एखादं वर्ष कमी निघण्याइतकी जागा शिल्लक होती. प्रत्यक्षात पाऊस 108 टक्के झाला. अकरा टक्क्यांची ती जागा खरी असते. एखाद्या वर्षी ती लागूही होते, आणि त्यामुळे अंदाज खोटा ठरत नाही.

पायरी 5: गुणपत्रिका स्वतः मांडा

कुणी सांगतं म्हणून विश्वास ठेवू नका, कुणी हसतं म्हणून टाकूनही देऊ नका. एप्रिलचा अंदाज आणि प्रत्यक्ष पाऊस, दोन्ही टक्क्यांत:

2014: अंदाज 95, प्रत्यक्ष 88
2015: अंदाज 93, प्रत्यक्ष 86
2016: अंदाज 106, प्रत्यक्ष 97
2017: अंदाज 96, प्रत्यक्ष 95
2018: अंदाज 97, प्रत्यक्ष 91
2019: अंदाज 96, प्रत्यक्ष 110
2020: अंदाज 100, प्रत्यक्ष 109
2021: अंदाज 98, प्रत्यक्ष 99
2022: अंदाज 99, प्रत्यक्ष 106
2023: अंदाज 96, प्रत्यक्ष 94
2024: अंदाज 106, प्रत्यक्ष 108
2025: अंदाज 105, प्रत्यक्ष 108

प्रत्येक वर्षाची चूक काढा, बेरीज करा, बाराने भागा. उत्तर येतं सुमारे 5.7. आता शेजारी एका अडाणी अंदाजाची चूक मांडा, जो दर वर्षी डोळे मिटून 100 म्हणतो. त्याची सरासरी चूक येते 7.6. म्हणजे अंदाजात दम आहे, पण खूप नाही. पहिल्या सात वर्षांत हवामान विभागाची चूक 7.6 होती, अडाणी अंदाजाची 8.9. शेवटच्या पाच वर्षांत हेच आकडे 3 आणि 5.8. सुधारणा दिसते, आणि मला तिचा मनापासून आनंद आहे. पण पाच वर्षं हा हिशोबाला फार तोकडा काळ आहे, आणि त्या पाचांत 2019 सारखं अवघड वर्ष आलेलं नाही.

बाजू किती वेळा बरोबर आली? 100 च्या खाली की वर, एवढंच बघितलं तर बारापैकी आठ वेळा बरोबर, तीन वेळा उलट, आणि 2020 चा अंदाज बरोबर मध्यावर.

पायरी 6: देशावरून आपल्या विभागावर या

इथे एक शब्द फसवतो. देशासाठी "सामान्य" म्हणजे 96 ते 104 टक्के. पण कोकण-गोवा, मध्य महाराष्ट्र, मराठवाडा, विदर्भ अशा उपविभागांच्या आणि जिल्ह्यांच्या रोजच्या नोंदीत "सामान्य" म्हणजे उणे 19 ते अधिक 19 टक्के. जिल्ह्यात 18 टक्के तूट असली तरी नकाशा हिरवाच राहतो. कोकणात 18 टक्के कमी पडला तर भात तरतो. आमच्याकडे सात-साडेसातशे मिलिमीटरमधून 18 टक्के गेले की रब्बीची ज्वारी अडचणीत येते.

देशाचा टक्का सोडून शक्यतांचा रंगीत नकाशा बघा. त्यात प्रत्येक ठिकाणी कमी, सामान्य, जास्त या तीन गटांपैकी कुणाचं पारडं जड ते दाखवलेलं असतं. पांढरी जागा म्हणजे तिथे मॉडेलला काही सांगता येत नाही. पांढऱ्याला "सामान्य" समजू नका. ही चूक मी दोन वर्षं केली. आणि नकाशा तालुक्यापर्यंत ओढू नका. एका तालुक्याचा अंदाज या पद्धतीतून निघत नाही.

पायरी 7: संगणक येत असेल तर स्वतः मोजा

गटात एखादा पदवीधर मुलगा-मुलगी असेल तर हे जरूर करायला लावा. दोन रविवारचं काम आहे. युरोपच्या कोपर्निकस सेवेच्या हवामान भांडारात मोफत खातं उघडता येतं. तिथे हंगामी अंदाजांचा मासिक संच निवडा, मॉडेल युरोपीय केंद्राचं, घटक एकूण पाऊस, सुरुवातीचा महिना मे, पुढचे महिने जून ते सप्टेंबर. मराठवाड्यासाठी चौकट ढोबळपणे 20.5 उत्तर, 75 पूर्व, 17.5 उत्तर, 78 पूर्व. भांडारात क्रम उत्तर, पश्चिम, दक्षिण, पूर्व असाच द्यावा लागतो.

1993 ते 2016 चे जुने अंदाज उतरवून घ्या: 24 वर्षं, दर वर्षी 25 वाटा, एकूण 600 आकडे. पाऊस मीटर प्रति सेकंद या मापात असतो. त्याला 1000 ने, 86400 ने आणि त्या महिन्याच्या दिवसांनी गुणा, मग मिलिमीटर येतात. गुणायचं विसरलं की सगळं शून्यासारखं दिसतं आणि माणूस हताश होतो. चार महिन्यांची बेरीज करून 600 आकडे चढत्या क्रमाने लावा. 200 व्या आणि 400 व्या आकड्यावर रेघ मारा. यंदाच्या 51 वाटांपैकी खालच्या रेघेखाली किती पडतात ते मोजा. 23 पडल्या तर कमी पावसाची शक्यता 45 टक्के.

यानंतरची तपासणी टाळू नका. पुण्याचा हवामान विभाग पाव अंशाच्या जाळीवरचा 1901 पासूनचा रोजचा पाऊस मोफत देतो. तीच चौकट, तीच 24 वर्षं घ्या, आणि मॉडेलच्या दर वर्षीच्या सरासरीचा प्रत्यक्ष पावसाशी सहसंबंध काढा, म्हणजे दोन्ही किती जोडीने वर-खाली होतात त्याचं माप (1 म्हणजे पूर्ण जुळणी, 0 म्हणजे काहीच नाही). 24 वर्षांच्या हिशोबात सहसंबंध 0.4 च्या खाली असेल तर तो योगायोगही असू शकतो. मग ते 45 टक्के भिंतीवर लावू नका, 33 आणि 45 च्या मध्ये कुठेतरी धरा.

पायरी 8: अंदाजांची उतरंड लावा

दीर्घ पल्ल्याचा अंदाज एकटा वापरला की 2023 होतं. त्याच्याखाली आणखी थर आहेत. हवामान विभाग दर गुरुवारी पुढच्या चार आठवड्यांचा विस्तारित पल्ल्याचा अंदाज देतो. त्याचा जीव एमजेओ नावाच्या ढगांच्या झुंडीत असतो, जी 30 ते 60 दिवसांत पृथ्वीला फेरी मारते. ती हिंद महासागरावर असली की आपल्याकडे पाऊस जोर धरतो, प्रशांत महासागरावर गेली की पावसात खंड पडण्याची शक्यता वाढते. यातल्या पहिल्या दोन आठवड्यांचा भरवसा चांगला, चौथ्याचा कमी. त्याच्याखाली पाच दिवसांचा जिल्हा अंदाज.

प्रत्येक निर्णय आपापल्या थराशी बांधा. एप्रिल-मेचा अंदाज कशासाठी? सोयाबीन निव्वळ घ्यायचं की तुरीचं आंतरपीक करायचं, लवकर येणारं वाण किती घ्यायचं, चाऱ्याची सोय, तळ्यातलं पाणी उसाला किती सोडायचं, पीक विमा, यांसाठी. पेरणीची तारीख मात्र गुरुवारचा अंदाज आणि जमिनीतली ओल ठरवते. 75 ते 100 मिलिमीटर पाऊस होऊन वाफसा आल्याशिवाय पेरू नये, हा कृषी विभागाचा सल्ला कोणत्याही मॉडेलपेक्षा वरचा माना.

2025 हे याचं चांगलं उदाहरण. मान्सून 24 मे रोजी केरळात आणि 26 मे रोजी मुंबईत पोचला, मुंबईच्या नेहमीच्या 11 जूनच्या दोन आठवडे आधी. वर्षाचा अंदाज जास्त पावसाचा. दोन्ही गोष्टी एकत्र धरून ज्यांनी मेअखेरीसच तिफण काढली, त्यांना पुढचे दोन आठवडे जड गेले, कारण मान्सून मेअखेर थांबला तो जूनच्या मध्यापर्यंत पुढे सरकला नाही. लवकर आगमन आणि चांगला हंगाम यांचा एकमेकांशी संबंध नाही. मृगाच्या सरीवर पेरायची सवय रक्तात आहे, मला कळतं. पण दुबार पेरणीचं बियाणं कुणी उधार देत नाही.

पायरी 9: टक्क्यांवरून निर्णय

"45 टक्के म्हणजे करू की नको?" हा प्रश्न दर वर्षी येतो. उत्तर टक्क्यात नाही, तुमच्या खर्चात आहे. समजा, जूनआधी चारा साठवायला गटाला 40 हजार लागतात. साठवला नाही आणि पाऊस कमी झाला तर नंतर महागात घ्यावा लागून 1 लाख 60 हजारांचं नुकसान होतं. 40 ला 160 ने भागा: 25 टक्के. तुमच्या विभागात कमी पावसाची शक्यता 25 च्या वर असेल तर साठवा, खाली असेल तर थांबा. म्हणजे मॉडेल काहीच सांगत नसेल, 33 टक्केच म्हणत असेल, तरी साठवायचाच. थांबायचं फक्त ती शक्यता बरीच खाली आल्यावर.

विंधन विहिरीचा हिशोब लावाल तर प्रमाण पार वेगळं येईल, कारण खर्च मोठा आणि पाणी लागेलच असंही नाही. प्रत्येक निर्णयाचं प्रमाण आधी, मार्चमध्ये, डोकं थंड असताना काढून ठेवा. अंदाज आल्यावर काढलं की माणूस आपल्याला हवं ते उत्तर आणतो.

आमच्या गटात आता फळ्यावर एकच आकडा लिहीत नाही. तीन रकाने असतात: कमी, सामान्य, जास्त. शेजारी तारीख, आणि खाली त्या दिवशी ठरवलेली गोष्ट. मेअखेर, जूनअखेर, जुलैअखेर त्याखाली नवी ओळ येते. जुनी पुसत नाही. गुरुवारचा अंदाज फोनच्या गटावर जातो, सोबत आपल्या पर्जन्यमापकाची त्या आठवड्याची बेरीज. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात वही काढून प्रत्यक्ष पाऊस शेजारी लिहितो आणि कोणता निर्णय कोणत्या ओळीवरून घेतला होता ते वाचून दाखवतो. पुढच्या जानेवारीत निनो 3.4 चा पहिला आकडा त्याच पानाच्या मागच्या बाजूला पडतो.